तिसरी ओळ कोरी सोडायची नाही

९ जानेवारी

मामा,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक काहीच नाही, पण कोणी आजारी नाही.

फोन मी बंद केलाय. फक्त नातेवाइकांसाठी, मुलाखतवाल्यांसाठी चालू आहे. गेल्या रविवारी आधी आईचा फोन आला, मग काकूचा, मग तुझा, आणि तिघांचाही पहिला प्रश्न एकच: "काही झालं का?" तू तर हॅलोसुद्धा म्हणाला नाहीस. म्हणून ठरवलं, नोकरी लागेपर्यंत घरच्यांशी जे बोलायचं ते पत्राने. तू प्रश्न विचारलास तरी तो इथे पोचायला चार दिवस लागतील, तेवढ्यात मी तोंड धुऊन, केस विंचरून उत्तराला तयार असेन.

कॉम्प्युटरची पदवी मिळून सहा महिने झाले. अर्ज एकशे त्रेचाळीस. मागच्या आठवड्यात एका लेखी परीक्षेला गेले. खुर्च्या चारशे आणि माणसं सहाशे. मी खिडकीच्या कट्ट्यावर पेपर ठेवून उभ्याने लिहिला. शेजारचा म्हणाला, "ताई, जरा सरका, माझं कोपर मावत नाहीये." मी म्हटलं, "दादा, मी अजून सरकले तर खाली पार्किंगमध्ये नोकरी बघावी लागेल."

काल एक जाहिरात आली: 'नवशिके हवेत. किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.' माझ्या खोलीत राहणाऱ्या नर्सला ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "आमच्याकडे असा नियम असता तर बाळांना जन्माला यायच्या आधी दोन वर्षं कुठेतरी रडून यावं लागलं असतं."

हसून घे, कारण पुढची गोष्ट हसण्याची नाही. नवशिक्यांना घेणाऱ्या बहुतेक कंपन्या पदवी मिळून एक वर्ष झालेल्यांचा अर्जच उघडत नाहीत. एक जुलैला माझी बॅच जुनी होणार. त्यानंतर मी नवशिकी नाही आणि अनुभवीही नाही. दुकानात मागच्या फळीवर ठेवतात तसला माल.

परीक्षेच्या दारात एक पिशवीवाला उभा असतो. आम्ही त्याला अनुभववाला म्हणतो. कोणत्या कंपनीचा पाहिजे, किती वर्षांचा पाहिजे, एवढंच विचारतो. शिंप्यासारखं माप घेतो आणि आठवड्यात शिक्क्यासकट प्रमाणपत्र शिवून देतो. खरं सांगते, काल मी त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले.

तुला पहिली नोकरी कशी लागली होती? तुझ्याकडे तेव्हा काय होतं?

तुझी
पक्कड


१७ जानेवारी

पक्कडबाई,

कागद कामाच्या पावतीचा आहे, मागची बाजू कोरी होती म्हणून घेतला. कोपऱ्यातला ग्रीसचा अंगठा माझाच. मामी म्हणते, पोस्टमनला वाटेल कोणालातरी अटक झालीय.

माझ्याकडे काय होतं विचारतेस? भूक होती आणि मोठ्या भावाचे बूट होते. लिफ्टच्या तळाला खड्डा असतो. वस्तादाने मला तिथे उतरवलं आणि वरून विचारलं, "काय दिसतं?" मी म्हटलं, "अंधार." तो म्हणाला, "शाब्बास. कालच्याला सगळं दिसत होतं, त्याला घरी पाठवला." झाली माझी मुलाखत.

वस्तादाचा एक नियम होता. प्रत्येक लिफ्टच्या वर, मोटरच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली असते. जो दुरुस्तीला जाईल त्याने तिच्यात तीन ओळी लिहायच्या: काय पाहिलं, काय केलं, काय कळलं नाही. तिसरी ओळ कोरी सोडायची नाही. कोरी दिसली की वस्ताद सगळी हत्यारं खांद्यावर देऊन आम्हाला जिन्याने वर पाठवायचा. म्हणायचा, पुढच्या माणसाचा जीव तिसऱ्या ओळीवर असतो. त्या नोंदी मी घरच्या वहीतही उतरवून ठेवतो. बावीस वर्षांच्या वह्या पलंगाखाली आहेत, आणि त्यांच्यावरून बावीस वर्षं बोलणी खातोय.

त्या पिशवीवाल्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. न पाहिलेल्या लिफ्टवर सही करणाऱ्या माणसाबरोबर मी चहा घेत नाही, आणि चहा मला किती लागतो हे तुला ठाऊक आहे. आठ वर्षांची असताना तू माझी पक्कड हातात धरून बसलीस आणि जेवायलाही सोडेनास, तेव्हा तुझं नाव पडलं. तसंच धरून राहा.

इथे एका नऊमजली इमारतीतल्या लिफ्टच्या ब्रेकने माझं डोकं खाल्लंय. वर्षाचा सुरक्षेचा दाखला द्यायचाय. आमच्या कंपनीचा मालक रोज विचारतो, "सही झाली का?" त्याचा प्रश्न आणि तुझ्या आईचा प्रश्न, सख्खी भावंडं वाटतात.

मामा


४ फेब्रुवारी

मामा,

तुझा नियम मी उचलला. प्रत्येक मुलाखतीनंतर तीन ओळी लिहिते. नमुना म्हणून अठरावी वाच.

काय पाहिलं: काचेची खोली, तीन माणसं, त्यांतला एक सगळा वेळ मोबाइलमध्ये. काय केलं: चार प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. पाचव्याला 'माहीत नाही, पण शोधायचं कसं ते सांगते' म्हटलं. काय कळलं नाही: 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' हे विचारणाऱ्याला पाच मिनिटं समोर कोण बसलंय हे का आठवत नव्हतं? त्याने मला दोनदा दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली.

नाही घेतलं. हरकत नाही. एकोणिसावी शुक्रवारी आहे.

आमच्या वर्गातला नाकतोड्या आठवतो? माझ्याकडून उतरवलेला प्रोजेक्ट दाखवून पास झाला तो. त्याने अनुभववाल्याकडून दोन वर्षं शिवून घेतली आणि परवा त्याला नोकरी लागली. आम्हा सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाला, "तू फार ताणतेस. सगळेच करतात." मी अर्धा कप तसाच ठेवून उठले. घरी येऊन मात्र रडले, आणि ते त्याच्या खोटेपणासाठी नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला, म्हणून रडले. हे आईला सांगू नकोस.

तुझ्या ब्रेकचं काय झालं?

पक्कड


२५ फेब्रुवारी

चि. पक्कड,

उत्तराला उशीर झाला. कामात होतो.

मी पुष्कळ विचार केला. माणसाने ताणावं, पण तुटेपर्यंत ताणू नये. जगाला जे कागद लागतात ते द्यावेत आणि आपलं काम करावं. तुझा तो मित्र अगदीच चुकीचं बोलला नाही.

सोबत एक कागद आहे. आमच्या कंपनीच्या नावाचा आहे. तू दोन वर्षं इथे संगणक सहायक म्हणून काम केलंस, असं लिहिलंय. खाली माझी सही आहे. पिशवीवाल्याकडे जाण्यापेक्षा घरचं बरं. कोणी फोन करून विचारत बसत नाही.

जुलै जवळ येतोय. वापर.

तुझा मामा


१० मार्च

मामा,

तुझा कागद आला तेव्हा मी तो पलंगावर ठेवला आणि त्याच्यापासून लांब, खुर्चीत जाऊन बसले. चार दिवस मी तुझ्यावर चिडलेली होते. मला वाटलं, मामाचासुद्धा माझ्यावरचा विश्वास उडाला. पाचव्या दिवशी मी तो फाइलमध्ये घातला. सहाव्या दिवशी वापरला. आता पुढचं ऐक.

फॉर्मवर 'अनुभव' पुढे मी 'दोन वर्षं' लिहिलं. समोरचे गृहस्थ भले होते. त्यांनी विचारलं, "लिफ्टच्या कंपनीत कॉम्प्युटरवाली काय करते?" मी त्यांना तीन ओळींच्या वहीबद्दल सांगितलं. ते इतके रंगून ऐकत होते की त्यांनी चहा मागवला. मला वाटलं, झालं, लागली. मग ते म्हणाले, "नियम म्हणून एक फोन करतो हं," आणि माझ्यासमोर कागदावरचा नंबर फिरवला. स्पीकरवर.

पलीकडून एक आवाज म्हणाला, "अशी कोणी मुलगी आमच्याकडे नव्हती. आणि सही कोणाची म्हणालात? तो माणूस आमच्याकडे नाही. सहा फेब्रुवारीला काढलाय."

मामा, त्या खोलीत मला माझी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, रस्त्यावर आल्यावर, आणि अजून वाटतेय. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं की मामाला काढलं आणि मला ठाऊक नाही. ते गृहस्थ कागद परत देत म्हणाले, "यापुढे आमच्याकडे अर्ज करू नका." मी "बरोबर आहे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. पहिल्यावर ग्रीसचा अंगठा. दुसरं स्वच्छ, दुकानातून आणलेल्या कागदावर. हे मला आधीच दिसायला हवं होतं. ज्या मामाच्या लग्नाच्या फोटोतही नखं काळी आहेत, त्याचं पत्र स्वच्छ येतंय म्हणजे तो घरी बसलाय.

तुझा कागद परत पाठवतेय. मीच फाडणार होते, पण खाली तुझी सही आहे, ती माझ्याने फाडवेना. तू फाड. आणि खरं काय ते लिही. कामात होतास म्हणे!

पक्कड


१७ मार्च

बेटा,

मी मामी. तुझा मामा तुझं पत्र वाचून गच्चीत गेलाय आणि तिथून कोणालातरी शोधतोय असं दाखवतोय, म्हणून मीच लिहिते. मला तुमच्यासारखं नटवून लिहिता येत नाही.

त्या नऊमजली इमारतीच्या दाखल्यावर याने सही केली नाही. मालक म्हणाला, "ब्रेक लागतोय ना? मग?" हा म्हणाला, "लागतोय, पण वारंवार ढिला का होतो ते मला कळलं नाही. कळेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा." मालकाने दुसऱ्याची सही घेतली आणि याला काढलं. तुला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. म्हणे, पोरीला कळलं तर ती समजेल की सरळ वागणाऱ्याचं असं होतं, आणि खचेल. म्हणून तुला वाकडं वागायला शिकवलं. अक्कल बघ!

महिनाभर घरात आहे. सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता आमचं एकही दार वाजत नाही; कोण कधी मागे येऊन उभं राहतं कळत नाही, माझा जीव जायची पाळी. शेजाऱ्यांचे पंखे, इस्त्र्या, काही सोडलं नाही. दुपारी पलंगाखालच्या वह्या काढतो, त्या एका इमारतीची पानं उलटतो आणि पुन्हा ठेवून देतो.

तू त्याला रागावलीस ते बरं केलंस. मी रागावले तर त्याला सवय आहे.

मामी

ता. क. कागद त्याने फाडला. चार तुकडे केले. मी मोजले.


२३ मार्च

मामी आणि मामा,

मी खचलेले नाही. मी इतकी संतापलेय की काल नर्स म्हणाली, "तुझा रक्तदाब घेऊ का, मला सरावही होईल."

मामा, त्या वह्या मला पाठव. सगळ्या. नोकरी नाही म्हणजे काम करता येत नाही असं कोणी सांगितलं? मला चार वर्षं हेच शिकवलंय: हजारो नोंदी घ्यायच्या आणि त्यांत एका माणसाच्या डोळ्याला न दिसणारं काय आहे ते शोधायचं. तू एका इमारतीची पानं उलटतोयस. मी बावीस वर्षं एकदम उलटेन.

नाही म्हणू नकोस. माझ्यावर उपकार म्हणून पाठव. परीक्षेच्या हॉलमधल्या खिडकीच्या कट्ट्यांना मी कंटाळलेय.

पक्कड


१ एप्रिल

पक्कड,

एकोणीस वह्या पाठवल्यात. तीन वाळवीने खाल्ल्या. अक्षर लागत नसेल तिथे विचार. 'ब्रे. ढि.' म्हणजे ब्रेक ढिला. 'म. बो.' म्हणजे मालकाची बोलणी. ते यंत्रातलं नाही, सोडून दे.

त्यात काही सापडणार नाही. पण पलंगाखाली मोकळं झालं म्हणून मामी खूश आहे.

त्या कागदाबद्दल मला माफ कर. सही करायला पेन तीनदा उचललं आणि तीनदा खाली ठेवलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

मामा


५ मे

मामा,

अकरा हजार दोनशे नोंदी. महिनाभर सकाळी अर्ज, दुपारी मुलाखत आणि उरलेल्या वेळात तुझं अक्षर. तुझा 'थ' आणि 'य' आता मी झोपेतही वेगळे ओळखते.

आधी माझी फजिती ऐक. पहिल्याच आठवड्यात मला मोठा शोध लागला: लिफ्ट सोमवारी बिघडतात! बाकीच्या दिवसांच्या जवळजवळ दुप्पट. मी नाचत नर्सला सांगायला गेले. तिने हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "तुझा मामा रविवारी काय करतो?" मी म्हटलं, "झोपतो." ती म्हणाली, "मग रविवारची बिघडलेली लिफ्ट तो कधी लिहितो?" खाली बसले. सगळं पुन्हा मांडलं.

आता खरं. तू इमारतीची पानं बघत होतास, पण मधे इतर ठिकाणची शेकडो पानं येत असल्यामुळे तुला अंतर दिसलं नाही. नऊमजलीच्या ब्रेकवर तू सहा वेळा 'ढिला, घट्ट केला' लिहिलंयस. त्या सहा नोंदींमधली अंतरं बघ: चौदा महिने. नऊ महिने. पाच महिने. अकरा आठवडे. सात आठवडे. तुझ्याकडच्या बाकी एकाही लिफ्टमध्ये असं होत नाही. तिथे अंतरं कमीजास्त होतात. इथे नुसती कमीच होतायत. आणि सहाही वेळा तिसरी ओळ तीच: 'ढिला का होतो कळलं नाही.'

सोबत दोन पानं आहेत. पहिल्यावर आलेख, दुसऱ्यावर तीन ओळी. तिसरी अशी: 'हा ब्रेक कधी निकामी होईल हे मला सांगता येत नाही. फेब्रुवारीपासूनच्या नोंदी नाहीत, कारण नोंदी लिहिणाऱ्या माणसाला काढून टाकलंय.'

हे मालकाकडे नेऊ नकोस. तिथे राहणाऱ्यांकडे ने. लिफ्टमध्ये ते चढतात.

पक्कड


३ जून

पक्कड,

नेलं.

इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांची बैठक होती. मालकही आला होता. तुझी पानं बघून म्हणाला, "काढून टाकलेल्या माणसाच्या रेघोट्या आणि त्याच्या भाचीचा कॉम्प्युटर! मी दाखला दिलाय ना?" लोक हसले. माझे कान तापले. मी उठणार होतो.

सातव्या मजल्यावर एक बाई राहतात, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी पानं मागून घेतली, चष्मा बदलला आणि चौदा, नऊ, पाच असं मोठ्याने वाचलं. मग तुझी तिसरी ओळ दोनदा वाचली. मालकाला म्हणाल्या, "या मुलीला काय माहीत नाही ते तिने लिहिलंय. तुमच्या दाखल्यात तुम्हाला काय माहीत नाही ते कुठे लिहिलंय?" मालक घड्याळ बघायला लागला.

बाहेरचा तपासनीस येईपर्यंत लिफ्ट बंद, असं ठरलं. अकरा दिवस नऊ मजले चढताना लोकांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तपासनीस आला. ब्रेकचं एका बाजूचं लायनर, म्हणजे चाक पकडणारी पट्टी, आतल्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत घासलेलं निघालं. गिअरमधलं तेल दांड्याच्या आतल्या बाजूने झिरपून थेंबथेंब ब्रेकवर येत होतं. वरून दिसतच नव्हतं. तीन वर्षं सहा वेळा मी 'कळलं नाही' लिहिलं, आता कळलं. पक्कड, ते तेल बोटावर घेऊन मी किती वेळ बघत होतो! तपासनीस म्हणाला, "काका, पुसा आता."

मालकाने मला परत बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गेलो नसतो. त्या इमारतीने आणि गणिताच्या बाईंच्या ओळखीच्या आणखी चार इमारतींनी त्यांच्या लिफ्ट माझ्याकडे दिल्यात. आता माझा मालक मीच, आणि त्याचीही बोलणी खातोच.

आणखी एक कागद पाठवतोय. याच्यावर सही करताना पेन एकदाही खाली ठेवलं नाही, कारण यातलं प्रत्येक अक्षर मी पाहिलेलं आहे.

'काय पाहिलं: या मुलीने माझ्याकडे एक महिना काम केलं. एकोणीस वह्यांतल्या नोंदी वाचून मांडल्या. एक मोठी चूक केली आणि ती लपवली नाही.
काय केलं: तिच्या कामामुळे एक धोक्याची लिफ्ट वेळेत बंद झाली.
काय कळलं नाही: हिला अजून कोणी कामावर का घेतलं नाही.'

खाली सही आणि माझा फोन नंबर. ज्याला फोन करायचा असेल त्याने करावा.

मामा

(डाग ग्रीसचा नाही, त्याच तेलाचा आहे. मुद्दाम लावलाय.)


१२ जुलै

मामा,

एक जुलैला मी शिळी झाले. सकाळी उठून आरशात बघितलं. बुरशी दिसली नाही, म्हणून कामाला लागले.

नर्सच्या दवाखान्यात यंत्रांची देखभाल कधी करायची ते सांगणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याला ती रोज शिव्या घालते. मी तिच्या शेजारी बसून तो बघितला. सुट्टीच्या दिवशी बिघडलेलं यंत्र तो दुसऱ्या दिवशी बिघडलं असं धरतो. ओळख पटली? तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना मी अर्ज केला नाही. काय पाहिलं, काय करता येईल, काय कळलं नाही, अशा तीन ओळी लिहून पाठवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं.

पुढचं अर्धं तुला ठाऊक आहे, पण तू फक्त आवाज ऐकलास. खोलीत काय झालं ते ऐक.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर सहा माणसांची कंपनी. खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरचे पेन सरकतात. समोर कंपनीच्या बाई आणि एक चष्मेवाला. त्याने फॉर्म बघून विचारलं, "बॅच गेल्या वर्षीची?"

"हो. जुनी झाली."

"अनुभव?"

"एक महिना."

"कुठे?"

"मामाकडे."

चष्मेवाला हसला. "आणि हे प्रमाणपत्रही मामाचंच? तेल सांडलंय याच्यावर."

"सांडलेलं नाही, लावलेलं आहे. खाली नंबर आहे, फोन लावा."

मामा, हे बोलले खरी, पण दार किती पावलांवर आहे ते बघून ठेवलं. मागच्या वेळी असाच फोन लागला होता, असाच स्पीकरवर. बाईंनी नंबर फिरवला. घंटा वाजली, वाजली, आणि मग तू ओरडलास, "कोण आहे? थांबा, मी खड्ड्यात आहे!"

चष्मेवाल्याचं पेन हातातून पडलं. बाईंनी विचारलं, "तुम्ही हिचे कोण?" आणि तू म्हणालास, "मामा. सख्खा. आधीच सांगतो, मी तिचीच बाजू घेणार." बाई म्हणाल्या, "मग तिची एक चूक सांगा." तू श्वाससुद्धा घेतला नाहीस. "सोमवार!" म्हणालास आणि सगळी गोष्ट सांगितलीस, माझ्या नाचण्यासकट. नाचण्याचं सांगायची काही गरज नव्हती. इथे बाई हसून हसून डोळे पुसत होत्या आणि चष्मेवाला हळूच स्वतःच्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडून बघत होता. मग तो बाईंना म्हणाला, "अहो, आपलाही सोमवारच आहे." तेवढ्यात तू म्हणालास, "बरं, मला वर यायचंय, लोक खोळंबलेत. घेताय का नाही ते तिलाच सांगा, मला पत्राने कळेल." आणि फोन ठेवलास. माझ्या उभ्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी इतक्या उर्मटपणे बोललेलं नाही.

बाईंनी प्रमाणपत्राची तिसरी ओळ पुन्हा वाचली. म्हणाल्या, "याचं उत्तर आमच्याकडेही नाही. उद्यापासून ये."

त्या अनुभवाच्या रकान्यात मी एक महिनाच लिहिलं. बाईंनी ते खोडलं नाही. चष्मेवाल्याने माझ्यासाठी खुर्ची आणली, तिचा एक पाय आखूड आहे, पण खुर्ची आहे. आज पहिला आठवडा संपला. माझ्या टेबलाशेजारी एक खिळा होता. त्याला मी वही टांगलीय. चष्मेवाल्याने काल विचारलं, "हे काय?" मी नियम सांगितला. आज त्याने तीन ओळी लिहिल्या. तिसरी कोरी सोडली होती. मी त्याला छापखान्यातून कागदाचे गठ्ठे जिन्याने वर आणायला पाठवलं. आणले त्याने.

हे पत्र मामीलाही वाचून दाखव. आणि रविवारी, झोप झाल्यावर, मला फोन कर. आईला आणि काकूलाही सांग. हॅलो म्हटलं नाहीत तरी चालेल. पहिला प्रश्न तोच विचारा.

तुझी
पक्कड